ईडिपस रेक्स आणि शोकात्मिकेचे संकेत

ईडिपस रेक्स : प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लीझ (इ. स. पू. सु. ४९६–४०६) ह्याची जगद्विख्यात शोकात्मिका. मूळ ग्रीक शीर्षक ओइदिपूस तिरान्नोस. ईडिपस रेक्स हे त्याचे लॅटिन रूप पुढे सर्वत्र रूढ झाले. तिचा पहिला प्रयोग इ. स. पू. ४२९ च्या सुमारास अथेन्समध्ये झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. इ. स. पू. ४३० मध्ये अथेन्सवर कोसळलेल्या महामारीचा पडसाद नाटकाच्या प्रारंभीच्या प्रसंगात उमटला असावा, हे त्यामागील एक प्रमुख अनुमान होय. सॉफोक्लीझने शंभराहून अधिक नाटके लिहिली. त्यांपैकी सातच पूर्ण स्वरूपात आज उपलब्ध आहेत. त्या सातांत ह्या नाटकाला अग्रस्थान देण्याची परंपरा फार जुनी आहे.

ह्या परंपरेचा आद्य प्रवर्तक ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) हा होय. शोकात्मिकेचे स्वरूप विशद करताना आपल्या पोएटिक्स ह्या ग्रंथात त्याने ईडिपस रेक्सचे दाखले पुन:पुन्हा दिले. परिणामी हे नाटक म्हणजे शोकात्मिकेच्या नियमांचे मूर्तिमंत उदाहरण, अशी समजूत दृढ झाली. ह्या समजुतीत एक कालविपर्यास दडलेला आहे. ॲरिस्टॉटलचा जन्म सॉफोक्लीझच्या मृत्यूनंतर सु. वीस वर्षांनी झाला. नाटककारापुढे पोएटिक्समधील नियम नव्हते. उलट, त्या नियमांपैकी काही अशा नाटकांच्या निरीक्षणातूनच सिद्ध झाले. म्हणून नाटक नियमांत कितपत बसते, एवढाच प्रश्न विचारणे अपुरे ठरते. शोकात्मिकेचे संकेत ह्या नाटकात कोणते कार्य करतात आणि नाटक त्यांच्या चौकटीबाहेर कोठे जाते, हे पाहणे अधिक उद्‌बोधक आहे. तसे पाहिले असता, एका माणसाने स्वतःविषयीच्या सत्याचा घेतलेला शोध, ह्या एकाच सूत्राभोवती येथील सर्व संकेत गुंफलेले आढळतात.

रंगभूमीची पार्श्वभूमी : अथेन्समध्ये वसंत ऋतूत डायोनायसस ह्या देवतेचा उत्सव होई. त्यात नाट्यस्पर्धा भरत आणि अक्रॉपलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरील उघड्या रंगमंडलात हजारो नागरिक त्या पाहत. स्पर्धेत तीन शोकात्मिकाकार भाग घेत. प्रत्येकाला तीन शोकात्मिका आणि एक सॅटर-नाट्य सादर करावे लागे. नटांची संख्या तीनपर्यंत मर्यादित असे व ते मुखवटे धारण करून एकापेक्षा अधिक भूमिका वठवीत. तिसऱ्या नटाची योजना सॉफोक्लीझने सुरू केली, असे ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे. नटांच्या जोडीला गाणारा व नाचणारा वृंद असे. वृंदातील व्यक्तींची संख्या सॉफोक्लीझने बारावरून पंधरा केली, असे परंपरा सांगते. नाटकाची बाह्य रचनाही ठरलेली होती : प्रास्ताविक प्रवेश, वृंदाचे प्रवेशगीत, त्यानंतर आलटूनपालटून येणारे संवादप्रवेश व वृंदगीते आणि शेवटचा निर्गमप्रवेश. ईडिपस रेक्समध्ये ही रचना काटेकोर आढळते. तीत चार संवादप्रवेश असून त्या प्रत्येकानंतर एकेक वृंदगीत येते.

प्रेक्षकांना कथा नवी नसे. ईडिपसची कथा होमरच्या ओडिसीतही आली आहे. मात्र तेथे सत्य उघड झाल्यावरही तो थीब्जचा राजा म्हणून राहतो. एस्किलसने (इ. स. पू. ५२५–४५६) ह्याच राजघराण्यावर तीन नाटकांची मालिका इ. स. पू. ४६७ मध्ये सादर केली. तीपैकी थीब्जवर चालून आलेल्या सात वीरांविषयीचे शेवटचे नाटक तेवढे टिकून आहे. थोडक्यात, कथा परिचित असली, तरी तिचा कोणता भाग रंगभूमीवर आणावयाचा व शेवट कसा करावयाचा, ह्याचे स्वातंत्र्य नाटककाराला होते. सॉफोक्लीझने ते कसे वापरले, ह्यातच त्याची प्रतिभा दिसून येते.

कथानक : थीब्जचा राजा लायस ह्याला आपल्या पुत्राच्या हातून मृत्यू येईल, असे भविष्य डेल्फाय येथील अपोलोच्या मंदिरातून वर्तविले जाते. म्हणून तो व राणी जोकॅस्टा नवजात अर्भकाचे घोटे जखडवून ते डोंगरात टाकून देण्यास एका मेंढपाळाला सांगतात. मेंढपाळ दयेपोटी ते मूल कॉरिंथच्या एका गुराख्याला देतो आणि कॉरिंथचा निपुत्रिक राजा पॉलिबस त्याला वाढवितो. पुढे तरुण ईडिपसला, तू पॉलिबसचा खरा पुत्र नव्हेस, असे एक मद्यपी म्हणतो. संशयाने व्याकूळ होऊन तो डेल्फायला जातो. तेथे त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, परंतु तो पित्याचा वध करील व मातेशी विवाह करील, असे भविष्य कानी पडते. ते टाळण्यासाठी तो कॉरिंथला परत न जाण्याचे ठरवितो. वाटेत तीन रस्ते मिळतात त्या जागी रथातून जाणाऱ्या एका वृद्धाशी त्याचा संघर्ष होतो व तो त्या वृद्धाला ठार करतो. नंतर स्फिंक्सचे कोडे सोडवून तो थीब्जला संकटमुक्त करतो, राजपद मिळवितो आणि विधवा राणीशी विवाह करतो.

हा सर्व भाग नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेला आहे. पडदा नसलेल्या त्या रंगमंचावर प्रथम दिसते, ती रोगराईने ग्रस्त झालेली प्रजा. तिच्या वतीने एक वृद्ध पुजारी राजाला साकडे घालतो. राणीचा भाऊ क्रीऑन डेल्फायहून देववाणी घेऊन येतो : लायसचा मारेकरी नगरात आहे; त्याला घालवून दिल्याशिवाय रोगराई हटणार नाही. ईडिपस मारेकऱ्याला जाहीर शाप देतो व शोध आरंभितो. त्या शोधाचा शेवट, तो मारेकरी आपणच, मारला गेलेला राजा आपला पिता आणि पत्नी ही आपली माता, ह्या ज्ञानात होतो. जोकॅस्टा गळफास घेते. ईडिपस तिच्या वस्त्रावरील सोन्याच्या आकड्यांनी आपले डोळे फोडून घेतो.

संविधानक : शोकात्मिकेच्या सहा घटकांत ॲरिस्टॉटलने संविधानकाला पहिले स्थान दिले, स्वभावचित्रण, विचार, भाषा, गीत व दृश्य हे घटक त्यानंतरचे. उत्तम संविधानकात स्थितिविपर्यय आणि अभिज्ञान ही दोन अंगे असतात. कृतीचा परिणाम अपेक्षेच्या नेमका उलट होणे, हा विपर्यय. अज्ञानातून ज्ञानात होणारे संक्रमण, हे अभिज्ञान. ही दोन्ही एकाच वेळी घडणे सर्वांत परिणामकारक, असे सांगून ॲरिस्टॉटलने ह्याच नाटकाचे उदाहरण दिले.

ते उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. कॉरिंथचा दूत पॉलिबसच्या मृत्यूची वार्ता घेऊन येतो. पिता नैसर्गिक मृत्यूने गेला. म्हणजे पितृवधाचे भविष्य खोटे ठरले, असे ईडिपसला वाटते. मातेविषयीची भीती मात्र उरते. तीही दूर करावी, ह्या सद्‌भावनेने दूत सांगतो, की पॉलिबस व त्याची राणी हे ईडिपसचे जन्मदातेच नव्हेत. त्याला तान्हेपणी आपणच कॉरिंथला नेले. धीर देण्यासाठी उच्चारलेले हे शब्दच विनाशाचे दार उघडतात. दूत अजून बोलत असतानाच जोकॅस्टाला सर्व उमगते. ईडिपसला ते उमगण्यास आणखी एक प्रवेश लागतो. एका अभिज्ञानाचे असे दोन टप्पे केल्यामुळे, जिला कळले आहे ती पत्नी शोध थांबविण्याची विनवणी करीत आहे आणि ज्याला कळलेले नाही तो पती तो पुढे रेटत आहे, असा विलक्षण ताण निर्माण होतो.

रचनेतील काटकसरही लक्षणीय आहे. लायसच्या हत्येतून वाचलेला एकमेव साक्षीदार आणि अर्भक ज्याच्या हाती सोपविले होते तो मेंढपाळ, हे दोघे एकच आहेत. त्याला बोलावले जाते ते हत्येविषयी विचारण्यासाठी; प्रत्यक्षात त्याला विचारले जाते ते अर्भकाविषयी. मारेकरी एक होता की अनेक, ह्या ज्या प्रश्नावर ईडिपसची सारी आशा टांगलेली असते, तो प्रश्न त्याला कोणी विचारीतच नाही. तोपर्यंत तो निरर्थक झालेला असतो. दोन स्वतंत्र शोध, ‘राजाला कोणी मारले?’ आणि ‘मी कोण?’, एका माणसाच्या जबानीत एकत्र येतात. ह्या रचनेत घटना एकीनंतर एक येतात एवढेच नव्हे, तर एकीमुळे दुसरी येते. संभाव्यता किंवा अपरिहार्यता ह्यांच्या नियमाने घटना जोडल्या जाव्यात, ही ॲरिस्टॉटलची अपेक्षा येथे पूर्ण होते.

स्थल, काल व कृती ह्यांच्या तीन ऐक्यांचा नियमही ह्या नाटकाशी जोडला जातो. सर्व घटना राजवाड्यासमोर, जवळजवळ प्रयोगाच्याच कालावधीत घडतात, हे खरे. तथापि तीन ऐक्यांचा कडक नियम पोएटिक्समध्ये नाही. ॲरिस्टॉटलचा आग्रह कृतीच्या ऐक्यासाठी होता. कालमर्यादेचा त्याने केवळ सर्वसाधारण प्रवृत्ती म्हणून उल्लेख केला. त्यांना बंधनकारक नियमाचे रूप दिले, ते इटालियन भाष्यकार कास्तेल्व्हेत्रो (भाष्य १५७०) आणि त्याच्यानंतरचे फ्रेंच नवअभिजाततावादी समीक्षक ह्यांनी. सॉफोक्लीझने काल संक्षिप्त ठेवला, तो नियमासाठी नव्हे. वर्षानुवर्षे झाकलेले सत्य एका दिवसात उघड होते, हाच त्याच्या नाटकाचा विषय आहे.

नायक आणि प्रमाद : ॲरिस्टॉटलच्या मते शोकात्मिकेचा नायक अत्यंत सद्‌गुणी नसावा, दुष्टही नसावा. कीर्ती आणि वैभव ह्यांच्या शिखरावर असलेली अशी व्यक्ती दुर्गुणामुळे नव्हे, तर एखाद्या ‘हमार्तिया’मुळे दुःखात पडावी. ईडिपसचे नाव त्याने येथेही घेतले. ह्या एका शब्दाने समीक्षेत जेवढे वाद निर्माण केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने केले असतील. पुढील काळात त्याचा अर्थ ‘स्वभावातील दोष’ असा लावला गेला आणि ईडिपसचा दोष शोधण्याची चढाओढ सुरू झाली. कोणाला तो त्याच्या संतापीपणात दिसला, कोणाला बुद्धीच्या अहंकारात, तर कोणाला देववाणी टाळण्याच्या प्रयत्नात.

ह्या मताला नाटकात काही आधार अवश्य आहे. अंध द्रष्टा टायरीसिअस बोलण्याचे टाळतो, तेव्हा ईडिपस त्याच्यावरच कटाचा आरोप करतो. क्रीऑनविरुद्ध पुरावा नसताना तो त्याला देहान्ताची शिक्षा देऊ पाहतो. तथापि ह्या दोषांचा त्याच्या नाशाशी कार्यकारणसंबंध जोडता येत नाही. तो टायरीसिअसशी सौम्यपणे वागला असता, तरी पितृवध आणि मातृविवाह घडून गेलेलेच होते. तीन रस्त्यांच्या जागी घडलेल्या हत्येतही पहिली आगळीक समोरच्यांकडून झाली, असे तो सांगतो. शिवाय तो वृद्ध कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. ‘हमार्तिया’ म्हणजे वस्तुस्थितीच्या अज्ञानातून घडलेली चूक, हा अर्थ ॲरिस्टॉटलच्या विवेचनाशी अधिक जुळतो. आयरिश अभ्यासक ई. आर. डॉड्स ह्याने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात हा मुद्दा ठामपणे मांडला. मराठीत ‘प्रमाद’ हा प्रतिशब्द वापरताना त्याला पापाची छटा येऊ न देणे, म्हणूनच आवश्यक ठरते.

हा केवळ शब्दार्थाचा वाद नव्हे. दुःखाचे कारण भोगणाऱ्याच्या दोषात सापडले, की प्रेक्षक निर्धास्त होतो. जगात न्याय आहे आणि आपण तसे वागलो नाही तर आपल्यावर तशी वेळ येणार नाही, असे त्याला वाटू लागते. मग करुणा उणावते व भीती तर नाहीशीच होते. करुणा वाटते ती अपात्री आलेल्या दुःखाविषयी आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच माणसावर ओढवलेल्या संकटाने, असे ॲरिस्टॉटलनेच म्हटले आहे. ईडिपसला दोषी ठरविणारे विवेचन त्याच्या नाटकातून शोकात्मिकेचा प्राणच काढून घेते.

अथेन्सच्या कायद्यात बुद्धिपुरस्सर हत्या व अजाणता घडलेली हत्या ह्यांत भेद केला जाई. मात्र रक्तपाताने येणारा विटाळ हेतूवर अवलंबून नाही, अशी धारणाही समाजात रुजलेली होती. ईडिपस न्यायदृष्ट्या निरपराध आणि तरीही विटाळलेला, अशा पेचात सापडतो. सॉफोक्लीझच्या ईडिपस ॲट कलोनस ह्या अखेरच्या नाटकात वृद्ध ईडिपस, आपण जे केले ते अजाणता केले, असे समर्थन निःसंदिग्धपणे करतो. ईडिपस रेक्समध्ये असे समर्थन तो करीत नाही; त्या क्षणी ते त्याला सुचणेही शक्य नाही.

नियती आणि कर्तृत्व : ह्या नाटकाला ‘नियतीची शोकात्मिका’ म्हणण्याची प्रथा आहे. ह्या वर्णनाने नाटकपूर्व घटनांचा उलगडा होतो. रंगभूमीवर घडणाऱ्या घटनांचा होत नाही. डेल्फायचे भविष्य पितृवध आणि मातृविवाह ह्यांपुरतेच आहे. ईडिपसने सत्य शोधून काढावे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. टायरीसिअस त्याच्या अंधत्वाचे भाकीत करतो खरा. पण भाकीत करणे म्हणजे भाग पाडणे नव्हे. नाटकात जे जे प्रत्यक्ष घडते, ते ईडिपसच्या निर्णयातून घडते. देववाणी आणण्यास क्रीऑनला तोच धाडतो व ती सर्वांसमक्ष सांगण्याचा आग्रह धरतो. टायरीसिअसला, मागाहून मेंढपाळाला, तोच बोलावणे पाठवितो. टायरीसिअस, जोकॅस्टा आणि मेंढपाळ असे तिघेजण त्याला थांबण्याची विनवणी करतात आणि तिन्ही वेळा तो नकार देतो. सत्य उच्चारण्याच्या काठावर आलेला मेंढपाळ कचरतो, तेव्हा ऐकणाऱ्याचीही तीच अवस्था झालेली असते; तरीही ऐकलेच पाहिजे, असे ईडिपस ठरवितो. स्वतःचे डोळे फोडल्यानंतरही तो दुःखाचे कर्तृत्व अपोलोकडे देतो, परंतु डोळ्यांवर पडलेला घाव आपल्याच हाताचा असल्याचे आवर्जून सांगतो.

ह्या शोधामागील प्रेरणा उदात्त आहे. प्रजेचे दुःख दूर करावे, हा त्याचा हेतू. सत्य जाणल्याशिवाय राहावयाचे नाही, हा त्याचा स्वभाव. ज्या बुद्धीने त्याने स्फिंक्सचे कोडे सोडविले व नगर वाचविले, त्याच बुद्धीने तो स्वतःचे कोडे सोडवितो आणि नष्ट होतो. ज्या गुणांमुळे माणूस मोठा होतो, तेच गुण त्याच्या विनाशाचे साधन बनावेत, हा शोकात्म अनुभवाचा गाभा येथे स्पष्ट होतो. तो कमी प्रामाणिक असता, तर सुखी राहिला असता. मात्र मग थीब्जची रोगराई हटविण्याचा मार्गही बंद झाला असता.

नाट्यगत उपरोध : प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असल्यामुळे ईडिपसच्या प्रत्येक वाक्याला दुहेरी अर्थ प्राप्त होतो. लायसचा कैवार आपण स्वतःच्या पित्याचा घ्यावा तसा घेऊ, असे तो म्हणतो, तेव्हा ती त्याच्या दृष्टीने उपमा असते; प्रेक्षकाच्या दृष्टीने वस्तुस्थिती. मारेकऱ्याला दिलेल्या शापात तो आपल्या घराचाही समावेश करतो. ‘तिरान्नोस’ ह्या शब्दाने वारसाहक्काशिवाय सत्ता मिळविलेल्या शासकाचा बोध होई. ईडिपस स्वतःला तसा समजतो. प्रत्यक्षात तोच थीब्जच्या गादीचा जन्मजात वारस असतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘सुजलेल्या पायांचा’ असा होतो. त्याच नावात ‘मला ठाऊक आहे’ ह्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाचाही ध्वनी उमटतो. जन्मखूण पायांवर वागविणारा, जाणता म्हणून गाजलेला हा राजा स्वतःपुरता अजाण राहतो. दृष्टी आणि अंधत्व ह्यांचा विरोधही असाच. डोळे नसलेल्या टायरीसिअसला दिसते. डोळे असलेल्या ईडिपसला दिसत नाही. दिसू लागते, तेव्हा तो डोळेच नाकारतो. हा उपरोध चमत्कृतीसाठी योजलेला नाही. मर्यादित ज्ञानावर विसंबून कृती करावी लागणे, ही मानवी अवस्थाच त्यातून प्रत्ययास येते.

वृंद : वृंद हा एक नट समजावा व तो सॉफोक्लीझच्या नाटकांतल्याप्रमाणे कृतीचा घटक असावा, असे ॲरिस्टॉटलने म्हटले. ईडिपस रेक्समधील वृंद थीब्जमधील वृद्ध नागरिकांचा आहे. तो राजावर प्रेम करतो व टायरीसिअसच्या आरोपानंतरही त्याची बाजू सोडीत नाही. दुसऱ्या वृंदगीतात मात्र त्याची कोंडी होते. देववाणी खोटी असते, असे जोकॅस्टा नुकतेच म्हणालेली असते. देववाणी खोटी ठरणार असेल, तर देवांपुढे नृत्य तरी कशाला करावयाचे, असा प्रश्न वृंदाला पडतो. डायोनायससच्या उत्सवात नाचणाऱ्या वृंदाने हा प्रश्न विचारावा, ह्याला विशेष अर्थ आहे. देवांची वाणी खरी ठरावी, अशी त्याची इच्छा. पण ती खरी ठरण्याचा अर्थ आपल्या लाडक्या राजाचा सर्वनाश. जगाला काही अर्थ असावा ही गरज आणि एका माणसाविषयीची करुणा, ह्यांत निवड करण्याची पाळी वृंदावर आणि त्याच्यामार्फत प्रेक्षकांवर येते. चौथ्या वृंदगीतात ईडिपस हा सर्व मानवजातीचा दृष्टान्त होऊन जातो.

विरेचन : करुणा व भीती जागवून शोकात्मिका त्या भावनांचे ‘कॅथार्सिस’ साधते, हे ॲरिस्टॉटलचे प्रसिद्ध विधान. त्याचा अर्थ विरेचन, शुद्धीकरण की स्पष्टीकरण, ह्यासंबंधी मतभेद आहेत. ह्या नाटकात तो परिणाम कसा साधतो, हे मात्र दाखविता येते. आत्महत्या व डोळे फोडणे ह्या भीषण घटना ग्रीक रंगभूमीच्या रीतीनुसार पडद्याआड घडतात. सेवक त्यांचे निवेदन करतो. केवळ दृश्यामुळे नव्हे, तर कथा नुसती ऐकूनही थरकाप व्हावा, हा निकष सांगताना ॲरिस्टॉटलने ईडिपसच्याच कथेचा उल्लेख केला. त्यानंतर आंधळा ईडिपस समोर येतो, आपल्या दोन लहान मुलींना जवळ घेतो व त्यांच्या भवितव्याच्या चिंतेने विव्हळतो. भीतीकडून करुणेकडे झालेले हे संक्रमण नाटकाला केवळ भीषणतेच्या पातळीवर राहू देत नाही.

संकेतांपलीकडे : ॲरिस्टॉटलच्या सर्वच निकषांवर हे नाटक प्रथम क्रमांकाचे ठरत नाही, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. भीषण कृत्याच्या संभाव्य प्रकारांची प्रतवारी करताना, कृत्य घडण्यापूर्वीच ओळख पटून ते टळते, त्या प्रकाराला त्याने सर्वोत्तम म्हटले. अज्ञानात कृत्य घडून मागाहून ओळख पटते, हा प्रकार त्याच्या खालचा. आणि ईडिपसची कथा ह्या दुसऱ्या प्रकारात मोडते. शिवाय ते कृत्य नाटकाच्या कक्षेबाहेरचे. थीब्जमध्ये इतका काळ राज्य करूनही लायसचा मृत्यू कसा झाला, हे ईडिपसला ठाऊक नसावे, ही असंभाव्यताही ॲरिस्टॉटलच्या नजरेतून सुटली नाही; ती नाटकाबाहेर राहिल्यामुळे त्याने ती क्षम्य मानली.

शेवटही संकेताला धरून सर्व धागे जुळविणारा नाही. नायकाचा मृत्यू होत नाही. देववाणीनुसार व स्वतःच्याच शापानुसार आपल्याला तत्काळ हद्दपार करावे, अशी याचना ईडिपस करतो. क्रीऑन ती मान्य करीत नाही, पुन्हा देवाचा कौल घेऊ म्हणतो आणि त्याला राजवाड्यात नेतो. ज्या रोगराईपासून नाटक सुरू झाले, ती हटली की नाही, ह्याचा उल्लेखही होत नाही. घराण्याच्या पूर्वपापाचे जे स्पष्टीकरण कथेच्या इतर परंपरांत मिळते, त्याचा सॉफोक्लीझने उपयोग केला नाही. लायसला ते भविष्य का वर्तविले गेले, हे अखेरपर्यंत अनुत्तरित राहते. ‘काय घडले?’ ह्याचे उत्तर पूर्ण मिळते, ‘का घडले?’ ह्याचे मिळत नाही. ही उणीव मानावी, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु कारण सांगून सांत्वन करणे जाणीवपूर्वक टाळल्यामुळेच हे नाटक नीतिकथेच्या पातळीवर उतरत नाही.

उत्तरकालीन प्रभाव : परंपरेनुसार, ज्या स्पर्धेत हे नाटक सादर झाले, तीत सॉफोक्लीझला पहिले पारितोषिक मिळाले नाही, ते एस्किलसचा पुतण्या वा भाचा असलेल्या फिलोक्लीझ ह्याला मिळाले. पुढे रोमन नाटककार सेनिका ह्याने ह्या विषयावर लॅटिन नाटक रचले. प्रबोधनकाळात, १५८५ मध्ये, इटलीतील व्हिचेंत्सा येथील ऑलिंपिक रंगमंदिराचे उद्‌घाटन ह्याच नाटकाच्या इटालियन अनुवादाने झाले. फ्रान्समध्ये कॉर्नेय (१६५९) आणि व्हॉल्तेअर (१७१८) ह्यांनी ह्या कथेवर नाटके लिहिली. संगीतकार स्ट्रॅव्हिन्स्की ह्याची संगीतकृती (१९२७) आणि पाझोलीनी ह्याचा चित्रपट (१९६७) ही विसाव्या शतकातील ठळक उदाहरणे होत. सिग्मंड फ्रॉइडने स्वप्नांच्या अर्थान्वयावरील ग्रंथात (१९००) ईडिपसच्या कथेचा मानसशास्त्रीय अर्थ लावला व ‘ईडिपस गंड’ ही संज्ञा पुढे सर्वतोमुखी झाली. नाटकाच्या आकलनाला मात्र ती फारशी उपकारक नाही. कारण सॉफोक्लीझच्या ईडिपसला सुप्त वासनेने ग्रासलेले नसून ज्ञानाच्या ध्यासाने पछाडलेले आहे.

भारतात शंभू मित्र ह्यांनी ‘बहुरूपी’ ह्या नाट्यसंस्थेतर्फे १९६४ मध्ये बंगालीत सादर केलेला राजा ओइदिपौस हा प्रयोग विशेष गाजला. मराठीत पु. ल. देशपांडे ह्यांनी राजा ओयदिपौस ह्या नावाने हे नाटक आणले. विंदा करंदीकर ह्यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र (१९५७) ह्या ग्रंथाद्वारे पोएटिक्स मराठी वाचकांना उपलब्ध करून दिले. त्यामुळे नाटक आणि त्याची मीमांसा ही दोन्ही मराठीत शेजारी ठेवून वाचता येतात.

मूल्यमापन : विपर्यय आणि अभिज्ञान ह्यांचा संयोग, कृतीचे ऐक्य, उच्चपदस्थ नायकाचा प्रमादजन्य अधःपात आणि कृतीत सहभागी असणारा वृंद ह्या संकेतांच्या दृष्टीने ईडिपस रेक्स हे शोकात्मिकेचे आदर्श उदाहरण होय, हा पूर्वापार निर्णय मान्य करण्यासारखाच आहे. तथापि तिचे श्रेष्ठत्व ह्या आदर्शपणात सामावत नाही. मनुष्य निरपराध असूनही उद्ध्वस्त होऊ शकतो, हे ती लपवीत नाही. त्याच वेळी, उद्ध्वस्त होत असतानाही सत्याकडे पाठ न फिरविण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी असू शकते, हेही ती दाखवून देते. नाटकाच्या प्रारंभी लोक ज्याच्याकडे त्राता म्हणून पाहतात, तो ईडिपस शेवटी आंधळा आणि परस्वाधीन होतो; पण आपण कोण, हे त्याला प्रथमच ठाऊक झालेले असते. ह्या ज्ञानाची किंमत योग्य होती काय, ह्याचा निर्णय सॉफोक्लीझने प्रेक्षकांवर सोपविला आहे.